ई-पुस्तकाला ‘पान’ नसते!

प्रतिनिधी, नागपूर

पदरमोड करून पुस्तक काढणे वैदर्भीय लेखकाला नवे नाही. विदर्भ साहित्य संघाने 2023 मध्ये शंभरी गाठली. तेवढ्या काळात या भागातील कित्येक हस्तलिखिते लेखकाच्याच खर्चाने छापली गेली आणि त्यांचे गठ्ठे माळ्यावर पडून राहिले. ई-पुस्तकाने हे गठ्ठे टळतात. ॲमेझॉनच्या किंडलने डिसेंबर 2016 मध्ये मराठीसह पाच भारतीय भाषांना दार उघडले, त्यालाही आता बराच काळ लोटला. मात्र, संहिता चढवणे सोपे असले तरी ती वाचनीय करणे हे वेगळेच काम आहे.

पहिली अडचण जुन्या फाइलींची. पूर्वी अक्षरजुळणी ‘कृतिदेव’ किंवा ‘श्रीलिपी’सारख्या फॉन्टमध्ये होत असे. ‘कृतिदेव’मध्ये ‘क’ दिसतो खरा. पण संगणकाच्या लेखी ते इंग्रजी ‘डी’ हे अक्षर असते. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर आयुष्यभराचे लेखन निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग ठरते. म्हणून आधी मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. त्यासाठी मोफत परिवर्तक उपलब्ध आहेत, परंतु त्यांच्यावर विसंबून चालत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. या अदलाबदलीत चुका राहतात. सर्वांत घातक चूक ‘ऱ्य’ची. ती झाली की लग्नघरी ‘आचाऱ्यांना’ दिलेली बिदागी थेट ‘आचार्यांना’ पोचते! शुद्धलेखन तपासनीसाला दोन्ही शब्द बरोबरच वाटतात. तेथे डोळ्यांनी वाचण्याला पर्याय नाही.

दुसरी अडचण सवयीची. स्पेस दाबत शीर्षक मध्यावर आणायचे, एंटर मारत नवे प्रकरण पुढच्या पानावर ढकलायचे, ही आपली पद्धत. ई-पुस्तकात ती कोसळते, कारण तेथे पान ठरलेले नसते. वाचक अक्षर मोठे करतो, मोबाइल आडवा धरतो आणि मजकूर नव्याने वाहू लागतो. ‘ईपब’ म्हणजे एकत्र बांधलेली छोटी वेबपानेच. ओळीने दिलेल्या दहा मोकळ्या जागांची तेथे एकच जागा उरते. पीडीएफमध्ये पान जसेच्या तसे राहते हे खरे, पण मोबाइलवर ते सरकवत वाचावे लागते.

तेव्हा मजकूर सजवायचा नाही, त्याला नाव द्यायचे. वर्ड वा लिबरऑफिसमध्ये प्रकरणाच्या शीर्षकाला ‘हेडिंग 1’ ही शैली लावावी. अनुक्रमणिका तिच्यावरूनच तयार होते. ‘आधी पान तोडा’ ही सूचनाही त्याच शैलीत देता येते. परिच्छेदाची पहिली ओळ आत घेण्यासाठी टॅब न वापरता शैलीतच समास ठरवावा. कवितेच्या कडव्यातील ओळी शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबून तोडाव्यात, म्हणजे कडवे एकसंध राहते. दोन्ही बाजू समान करण्याचा मोह टाळलेला बरा; मराठीतील लांबलचक सामासिक शब्दांमुळे अरुंद पडद्यावर ओळीत भगदाडे पडतात.

मोफत मिळणाऱ्या लिबरऑफिसमधून 2018 पासून थेट ‘ईपब’ काढता येते. त्यात देवनागरीचा फॉन्ट मात्र ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट’च्या रकान्यातच बदलावा लागतो, अन्यथा कितीही फॉन्ट बदला, अक्षर हलत नाही. पुस्तकाची भाषाही ‘मराठी’ अशीच नोंदवावी. ‘नोटो सान्स देवनागरी’सारखे फॉन्ट ती नोंद पाहून ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवू शकतात. ‘हिंदी’ नोंदवल्यास हिंदी वळण येते.

आयएसबीएन भारतात विनामूल्य मिळतो, परंतु किंडलवरील ई-पुस्तकाला तो सक्तीचा नाही. प्रकाशनापूर्वी फाइल एखाद्या साध्या मोबाइलवर रात्रीच्या काळ्या पार्श्वभूमीत उघडून पाहावी. मजकुराला मुद्दाम काळा रंग दिलेला असेल, तर काळ्यावर काळे होऊन तो दिसेनासा होण्याची शक्यता असते; रंग ‘स्वयंचलित’ ठेवला की हा प्रश्न उद्भवत नाही.