ब्रेक हाताशी हवा!

बोपदेव घाट चढलात की ग्रुपमध्ये कौतुक होतं, फोटो निघतात. उतरताना ब्रेकपर्यंत बोटं पोचतात का, हे मात्र कुणी विचारत नाही. माझी पोचत नव्हती. ड्रॉप हँडलच्या खालच्या वळणावर हात ठेवले की लिव्हर जेमतेम बोटांच्या टोकांना लागायचा. पाण्याने भरलेली बादली नुसत्या बोटांच्या टोकांनी उचलून बघा, म्हणजे कळेल! घाट संपेपर्यंत अंगठ्याच्या बेचक्यात अशी कळ यायची की सोमवारी की-बोर्डवर बोटं चालेनात.

‘सवय होईल गं,’ ग्रुपमधले दादालोक म्हणायचे. त्यांचं काय जातंय? त्यांच्या एकेका पंजात माझे दोन मावतील. एका दुकानात तर थेट नवं हँडल घ्यायला सांगितलं. आणि सगळ्या भानगडीवर उतारा काय, तर एक इवलासा स्क्रू!

या अंतराला म्हणतात ‘लिव्हर रीच’. आजकालच्या बहुतेक रोड बाइक्समध्ये ते कमी-जास्त करता येतं. स्क्रू कुठे रबरी हूडखाली दडलेला असतो, कुठे लिव्हर दाबल्यावर आत दिसतो. छोटी ॲलन की किंवा स्क्रू ड्रायव्हर पुरतो. जुन्या काही लिव्हर्समध्ये स्क्रूऐवजी प्लॅस्टिकची पाचर बसवावी लागते. कुठल्या बाजूला फिरवायचं ते मॅन्युअलमध्ये असतं. नसेल तर पाव फेरा द्या आणि लिव्हर जवळ येतोय की लांब जातोय ते बघा. किती फेरे दिले ते मोजा, म्हणजे दुसऱ्या बाजूलाही तेवढेच देता येतील.

भिंतीला टेकून सायकलवर बसा. हात खालच्या वळणावर, मनगट सरळ. पहिलं आणि मधलं बोट पहिल्या पेरापर्यंत लिव्हरभोवती आरामात वळलं पाहिजे, तेही पकड न सोडता.

आता खरी मेख. लिव्हर जवळ आला, की तो दाबायला जागाही कमी उरते. जीव खाऊन दाबा. लिव्हर हँडलला टेकला तर त्या सायकलवर घाट उतरायचा नाही, बस्स! केबलवाला रिम ब्रेक असेल तर कॅलिपरवरचा बॅरल ॲडजस्टर फिरवून केबलचा ढिलेपणा काढता येतो. मग चाक मोकळं फिरतंय ना, तेही बघा. हायड्रॉलिक डिस्क असेल तर मेकॅनिककडे न्या. पॅड झिजलेत की ब्लीडिंग हवंय, ते त्याला ठरवू दे. गिअरही सगळे एकदा बदलून बघा. त्याच लिव्हरने गिअर पडत असतील तर तो बोटांवर आपटता कामा नये. मग सोसायटीच्या आवारात दोन चकरा, आणि त्यानंतरच रस्ता.

एवढं करूनही हात दुखतोय? मग हँडलवर हूड किती पुढे बसवलेत ते तपासा. सीटचं नाक खाली झुकलं असेल तर सगळा भार तळहातांवर येतो, तिथे हा स्क्रू काय करणार? नवीन हँडलचा नंबर त्यानंतर. माझं तेवढ्यावर गेलंच नाही. स्क्रूचे दीड फेरे पुरले, आणि आता उतारावर दोन बोटं लिव्हरवर निवांत असतात. दादालोक अजून ‘सवय झाली ना!’ म्हणतात.