२९ क्लबांचा गोलकीपर

जॉन बरिज इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडून एकदाही खेळला नाही. पण १९६९ साली वर्किंग्टन नावाच्या छोट्या क्लबच्या गोलमध्ये उभा राहिलेला हा पोरगा पुढची जवळजवळ तीस वर्षं खेळत राहिला, आणि तेवढ्यात त्याने २९ क्लबांच्या जर्सी अंगावर चढवल्या. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या लीगमध्ये मिळून ७६८ सामने! एका माणसाला हे जमतं कसं?

गोलमध्ये जागा एकच असते. बचावपटूला मधल्या फळीत सरकवता येतं, पण दुसऱ्या क्रमांकाच्या गोलकीपरला बाकावर बसण्यावाचून गत्यंतर नसतं. खालच्या श्रेणीत करार असतो वर्षा-दोन वर्षांचा; तो संपला की नवं गाव शोधायचं. मात्र हीच गोष्ट उलट बाजूनेही चालते. पहिल्या गोलकीपरचं बोट मोडलं की अख्खा क्लब हवालदिल होतो. शनिवारच्या सामन्याला कुणीतरी हवाच. आज इंग्लंडमध्ये खेळाडू घेण्याचे ठरावीक महिने असतात. ही पद्धत २००२-०३ च्या हंगामात आली. बरिजच्या काळात मार्च उलटत येईपर्यंत केव्हाही माणूस घेता यायचा, महिनाभरासाठी उसनासुद्धा.

नाटकात ऐनवेळी उभा राहणारा बदली नट निदान संहिता पाठ करून येतो. इथे संहिताच नाही. ज्यांची नावंही नीट ठाऊक नाहीत अशा बचावपटूंना ओरडून जागेवर लावायचं, तेही पहिल्याच मिनिटापासून. मला सगळ्यात थक्क करतं ते हेच. बरिजने त्यासाठी अवघं आयुष्य तयारीला जुंपलं होतं. गोलकीपरचे हातमोजे घालून झोपायचो, टीव्ही बघताना बायकोला अचानक फळं फेकून मारायला सांगायचो, असं तो स्वतः सांगतो.

१९७७ मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाने लीग कप जिंकला तेव्हा गोलमध्ये बरिज होता. त्याच वर्षी वर्किंग्टनला इतर क्लबांनी मतदान करून लीगबाहेर काढलं आणि त्यांची जागा विम्बल्डनला दिली. तळाच्या संघांचं भवितव्य तेव्हा असं मतांवर ठरायचं. तळाशी खेळणाऱ्याच्या पायाखालची जमीन किती भुसभुशीत, ते यावरून कळावं.

१९९५ च्या वसंतात मँचेस्टर सिटीला गोलकीपरची निकड भासली आणि त्रेचाळिसाव्या वर्षी बरिज प्रीमियर लीगमध्ये उतरला. त्या स्पर्धेत खेळलेला सर्वांत वयस्कर खेळाडू तोच.

पुढे प्रशिक्षक म्हणून तो ओमानला गेला. तिथे विमानतळावर अग्निशामक दलात काम करणारा अली अल-हब्सी त्याच्या नजरेस पडला. त्याने या पोराला घडवलं, युरोपात खेळवा म्हणून क्लबांकडे पाठपुरावा केला. अल-हब्सी आधी नॉर्वेत खेळला, २००६ मध्ये इंग्लंडच्या बोल्टनमध्ये दाखल झाला, आणि प्रीमियर लीगमध्ये खेळणारा पहिला ओमानी ठरला.