शेतातला कापूस पाण्यावर तरंगतो, मग मेडिकलमधला का बुडतो?

दसरा-दिवाळीच्या सुमारास भोकर तालुक्यात कापसाची वेचणी सुरू असते. त्यातलाच मूठभर कापूस सरकी काढून वातींसाठी घरी ठेवला जातो. या कापसाचा एक बोळा पेलाभर पाण्यात टाकून बघा. तो वरच तरंगत राहील. मेडिकलमधून आणलेला बोळा मात्र काही सेकंदांत तळाला जाईल. दोन्ही कापूसच, मग फरक कशाचा?

तर, फरक आहे मेणाचा.

कापसावर मेण कुठून येतं?

झाडं स्वतःच मेण तयार करतात. उसाच्या कांड्यावरची पांढरी भुकटी, द्राक्षावरचा पांढुरका थर हे मेणच. अळूच्या पानावरून पाण्याचा थेंब घरंगळतो तोही त्याच्यामुळेच. आतला ओलावा उडून जाऊ नये, यासाठी झाडाने केलेली ही सोय असते.

कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर उगवलेला केस. त्याच्यावरही मेणाचा थर असतो. वजनात तो जेमतेम १ टक्का किंवा त्याहून कमी भरतो, पण पाणी अडवायला तेवढा पुरतो. मेणाचं पाण्याशी जमत नाही, तेलाशी जमतं. म्हणूनच घरच्या कापसाची वात तेल छान ओढते.

मग मेण काढतात कशाला?

सूत कातताना मेण उपयोगी पडतं, कारण त्यामुळे तंतू एकमेकांवरून सहज सरकतात. पण कापडावर रंग नीट बसायचा तर ते काढावं लागतं. त्यासाठी सूत किंवा कापड कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळतात. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज बनवते. अशा सुती ध्वजाचा रंगही मेण निघाल्याशिवाय नीट चढत नाही.

१८८० मध्ये बर्मिंगहॅमचे सर्जन सॅम्पसन गॅमजी यांनी मेण काढलेला कापूस जाळीदार कापडात घालून जखमेसाठी पट्टी तयार केली. आजही औषधी कापसाची परीक्षा तीच, पाण्यात टाकल्यावर तो १० सेकंदांच्या आत बुडाला पाहिजे.

याचा आपल्याशी काय संबंध?

शेतात विळा लागला की हाताशी असलेला कापूस जखमेवर दाबला जातो. पण हा कापूस रक्त नीट शोषत नाही. शिवाय त्यात धूळ आणि जंतू असतात. त्यापेक्षा जखम स्वच्छ पाण्याने धुवून त्यावर निर्जंतुक गॉज किंवा निदान स्वच्छ सुती कापड दाबून धरा. जखम खोल असेल तर दवाखाना गाठा.

घरचा कापूस वातीलाच बरा.