खाकी पोशाखाच्या दोन रात्री

एडवणच्या किनाऱ्यावर भरतीच्या वेळीं उभें राहिलें, म्हणजे दक्षिणेकडील वैतरणेचें मुख आणि त्यापलीकडचा अर्नाळ्याचा जलदुर्ग यांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. अर्नाळ्याचें नांव आपल्या नांवांत वागविणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनीं एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार व काळापहाड हे नायक घरोघरीं पोंचविले. एके काळीं या कथा वडीलधाऱ्यांच्या नजरेआड, शाळेच्या पुस्तकांत दडवून वाचल्या जात. चोरांच्या टोळ्या आणि लांचखाऊ शिपाई यांच्या गोष्टींनीं मुलांचें मन बिघडतें, असें आजोबांचें म्हणणें असे. आम्हांस मात्र वाटतें कीं, वाचण्यापेक्षां वाचलेल्याविषयीं घरांत न बोलणें हेंच अधिक घातक. म्हणून आज कल्पित नव्हे, तर न्यायालयांत शाबीत झालेली कथा आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

आपल्या कोंकणच्या किनाऱ्यास खाड्या फार आणि पहारा थोडा. सोन्याच्या व्यवहारावर १९६२ पासून कडक निर्बंध आले. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्यें रद्द झाला. मधल्या काळांत सोनें, चांदी, घड्याळें यांचा चोरटा व्यापार बोकाळला. या धंद्यास चार माणसें लागत : होडी आणणारा, माल उतरवून घेणारा, मालमोटार हांकणारा आणि डोळे मिटून घेणारा सरकारी नोकर. पहिल्या तिघांची उणीव सहज भरून निघे. चौथ्यावांचून मात्र सारा डाव फसे. म्हणून त्याच्या डोळेझांकीस दर ठरला, आणि दर ठरतांच तिची लाज उरली नाहीं.

ता. ९ जानेवारी १९९३. रायगड जिल्ह्यांत, श्रीवर्धन तालुक्यांतील दिघीच्या धक्क्यावर चोरटा माल उतरला. त्यांत शस्त्रें होतीं. रात्रीं गोंडघर फाट्यावर पोलिसांनीं मालमोटारी अडविल्या. येथवर सर्व यथास्थित होतें. पण पुढें झडती झाली नाहीं, सौदा झाला. रोख रकमेची भरती होईना, तेव्हां चांदीच्या विटा तारण ठेवण्यांत आल्या आणि मोटारी मार्गस्थ झाल्या. पुढच्याच महिन्यांत, फेब्रुवारीमध्यें, जवळच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आर. डी. एक्स. ही महाभयंकर स्फोटक द्रव्यें उतरलीं. ता. १२ मार्च रोजीं, शुक्रवारीं दुपारीं, मुंबईंत बारा ठिकाणीं स्फोट झाले. २५७ माणसें प्राणांस मुकलीं. सातशेंहून अधिक जखमी झालीं.

खटला वर्षानुवर्षें चालला. विशेष न्यायालयानें २००६ मध्यें शंभर आरोपींस दोषी ठरविलें. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ता. २१ मार्च २०१३ रोजीं लागला. दोषींमध्यें पोलीसही होते आणि जकात खात्याचे अधिकारीही होते. कोणी म्हणेल, नेहमींची चांदी असेल असें त्यांस वाटलें असेल. पण लांच घेणारा मनुष्य पेटी उघडून पाहण्याचा आपला हक्कच विकून टाकतो. मग आंत चांदी आहे कीं मृत्यु, हें ठरविणें त्याच्या हातीं राहत नाहीं.

तथापि या एका रात्रीवरून साऱ्या खात्याची परीक्षा करणें अन्यायाचें होईल. ता. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रींही संकट समुद्रावरूनच आलें. गिरगांव चौपाटीवर मोटार अडविली गेली, तेव्हां साहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातीं काठीखेरीज कांहीं नव्हतें. त्यांनीं कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेविली, गोळ्या आपल्या देहावर घेतल्या, आणि म्हणूनच तो मारेकरी जिवंत सांपडला. त्यांस २००९ मध्यें मरणोत्तर अशोकचक्र अर्पण झालें. दोन्ही रात्रीं रस्त्यावर मोटार अडविणारा खाकी पोशाख तोच होता.

मग भेद कोठें पडला? आमच्या मतें तो घरांत पडतो. आतां एडवणजवळ केळव्यास सागरी पोलीस ठाणें आहे. पण पहारेकऱ्यावर पहारा कोणी ठेवावा? वाल्या कोळ्याची गोष्ट आपण मुलांस सांगतों. पापांत वांटा घेण्यास घरच्यांनीं नकार दिला, तेव्हां त्याचे डोळे उघडले. परंतु तोंवर त्याच घरानें त्याची कमाई मुकाट्यानें खाल्ली होती, हा भाग आपण सांगत नाहीं. पगाराहून अधिक पैसा घरीं आला, त्याच दिवशीं आई, पत्नी किंवा वडील भाऊ यांनीं “हे कोठून आणलेस?” एवढें विचारलें, तर पुष्कळ रात्री निराळ्या उजाडतील. मुलांनीं रहस्यकथा खुशाल वाचाव्या. मात्र पुस्तक मिटल्यावर हा प्रश्न त्यांस आपणच शिकविला पाहिजे.