स्थलांतरित कुटुंबांतील बालकांमधील स्वमग्नतेचे निदान : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या विकासाशी निगडित, बालपणीच प्रकट होणारी अवस्था होय. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. रक्ततपासणीने तिचे निदान होत नाही. बालकाचे वर्तन पाहून व पालकांशी बोलूनच ते करावे लागते. म्हणून कुटुंबाची भाषा व त्याचे स्थिर वास्तव्य या बाबी निर्णायक ठरतात. यवतमाळ जिल्ह्यातील स्थलांतरित मजुरांच्या बालकांबाबत अडचण नेमकी येथेच उद्भवते.

भाषेचा प्रश्न :
पुसद, दिग्रस परिसरातील तांड्यांवर गोरमाटी, तर केळापूर, झरी जामणी भागातील कोलाम पोडांवर कोलामी बोलली जाते. बालक उशिरा बोलू लागल्यास 'दोन भाषांमुळे गोंधळले असेल' असा समज करून घेतला जातो. वस्तुतः बहुभाषिकतेमुळे स्वमग्नता उद्भवत नाही. दोन भाषांत वाढणारे बालक कमी बोलले तरी हाकेला वळून पाहते, बोटाने वस्तू दाखविते. या खुणा आढळत नसल्यास तपासणी आवश्यक ठरते. मात्र ती घरच्या बोलीत व्हावयास हवी.

स्थलांतराचा प्रश्न :
२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीस वा वीटभट्टीवर गेलेले कुटुंब उन्हाळ्यातच परतते. त्यामुळे एक फेरी हुकते आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविलेल्या बालकाचा पाठपुरावाही खंडित होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. परंतु निदानाअभावी प्रमाणपत्र नाही व प्रमाणपत्राअभावी सवलती नाहीत.

जागतिक अनुभव :
अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात सोमाली स्थलांतरितांच्या बालकांविषयीचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्वमग्नतेचे प्रमाण गौरवर्णीय बालकांइतकेच आढळले. मात्र निदान झालेल्या सोमाली बालकांत बौद्धिक अक्षमता अधिक होती. सौम्य लक्षणांची बालके नजरेतून निसटत असावीत, अशी शंका यावरून येते.

निष्कर्ष :
स्थलांतरापूर्वीच तपासणी, बोली जाणणाऱ्या आशा व अंगणवाडी सेविकांचा सहभाग आणि कुटुंबासोबत जाणारी लेखी नोंद हे तीन उपाय तातडीचे आहेत. मेंदूची घडण ज्या वर्षांत वेगाने होते, ती वर्षे हंगाम संपण्याची वाट पाहत नाहीत.