पऱ्हाटीपासून हायड्रोजन

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की पऱ्हाटी शेतात उभी राहते. गुलाबी बोंडअळीचा उपद्रव पुढील हंगामात होऊ नये म्हणून ती वेळीच उपटून काढणे अगत्याचे असते. त्यातील काही चुलीत जाते. बरीचशी बांधावर पेटवली जाते. राख तेवढी हाती राहते; उष्णता व कार्बन हवेत निघून जातात. याच पऱ्हाटीसारख्या काडापासून हायड्रोजन हे मोलाचे इंधन तयार करता येते.

हायड्रोजन जळला की त्याचे पाणी होते. त्यातून कार्बन निघत नाही. वजनास वजन धरल्यास तो डिझेलच्या सुमारे पावणेतीन पट उष्णता देतो. युरियासाठी लागणारा अमोनियाही हायड्रोजनपासूनच बनतो. मात्र आज देशात हा वायू मुख्यतः खनिज इंधनापासून मिळवतात.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. एस. दासप्पा व त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पतिजन्य पदार्थांपासून हायड्रोजन काढण्याची रीत सिद्ध केली आहे. बंद भट्टीत काडावर प्राणवायू व पाण्याची वाफ सोडतात. प्राणवायू बेताचा असल्याने काड पुरते जळून जात नाही. त्याचा वायू होतो. त्यातून हायड्रोजन वेगळा काढतात. एक किलो पदार्थात मुळात सुमारे ६० ग्रॅम हायड्रोजन असतो. या रीतीने १०० ग्रॅम मिळतो. वाढीव भाग वाफेतून येतो.

उरतो कार्बनचा हिशेब. सुक्या काडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो आणि तो पिकाने हवेतूनच घेतलेला असतो. भट्टीतील कार्बन डायऑक्साइड मोकळा सोडल्यास घेतलेले परत केले, एवढेच होते. तो पकडून जमिनीखाली खोल खडकांत कायमचा साठवला, तर हवेतील कार्बन खरोखर घटतो. केंद्र शासनाने २०२३ साली ठरविलेल्या हरित हायड्रोजनच्या व्याख्येत वनस्पतिजन्य हायड्रोजनचाही समावेश आहे. पिकाने हवेतून घेतलेला कार्बन वगळता एक किलो हायड्रोजनमागे दोन किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीहून अधिक हरितगृह वायू हवेत जाऊ नयेत, अशी तिची अट आहे.

तथापि सर्वच काड कारखान्याकडे धाडणे हिताचे नाही. उसाचे पाचट सरीत कुजविल्याने ओल टिकते व जमिनीतील सेंद्रिय कर्ब वाढतो. ते शेतातच राहावे. कडबा हा गुरांचा घास आहे. जे शेताबाहेर काढावेच लागते व जे एरवी पेटवले जाते, तेच द्यावे. पऱ्हाटी हलकी पण जागा फार व्यापणारी. तिचे बारीक तुकडे केले तरच वाहतूक परवडते. ती वाळलेलीही असावी, कारण ओल्या काडातील पाणी उडविण्यातच उष्णता खर्ची पडते.

हा उद्योग घरगुती नव्हे. भट्टीतील कार्बन मोनॉक्साइड विषारी व हायड्रोजन स्फोटक असतो. म्हणून असा प्रयोग गावात कोणी करू नये. जेथे पऱ्हाटीला गिऱ्हाईक नाही, तेथे तिचे तुकडे करून कंपोस्ट खत करावे. कोणते काड जमिनीचे, कोणते गुरांचे आणि कोणते विकण्याजोगे, याची नोंद गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांसमवेत आताच करून ठेवावी. उद्या कारखान्याचा माणूस दारी आला, तर भाव ठरविण्यापूर्वी हा हिशेब शेतकऱ्याच्या हाती असला पाहिजे.