घड्याळाचा पट्टा की घड्याळाची स्प्रिंग?

चावीच्या घड्याळाचा पट्टा काढून ठेवा, घड्याळ चालूच राहील. आतली स्प्रिंग काढा, ते बंद पडेल. एखादी वस्तू यंत्राचा भाग आहे की त्याला नुसती जोडलेली आहे, हे ओळखण्याची ही किती सोपी कसोटी! पण हीच कसोटी संगणकाच्या आज्ञावलीला लावताना अमेरिकेतल्या एका न्यायालयात मोठी पंचाईत झाली.

संगणकाचा सारा कारभार पाहणाऱ्या मूळ आज्ञावलीला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. १९९०च्या दशकात इंटेल जातीच्या वैयक्तिक संगणकांपैकी शेकडा ९०हून अधिक संगणक मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर चालत. तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या कोणी याहून सरस सिस्टिम का काढली नाही? आयबीएमने ओएस/२ काढली होती. पण ऐन भरात असतानाही तिच्यावर सुमारे २,५०० आज्ञावल्या चालत. विंडोजवर ७०,०००हून जास्त! आज्ञावल्या जिथे, तिथे ग्राहक. आणि ग्राहक जिथे, तिथे आज्ञावल्या लिहिणारे. या चक्रात नव्याने शिरायचे कसे?

१९९४ मध्ये नेटस्केप कंपनीचा ब्राउझर आला. तो अनेक सिस्टिमवर चालत असे. लोक त्याच्याच आधाराने आज्ञावल्या लिहू लागले असते, तर खाली विंडोज आहे की आणखी काही, याला महत्त्वच उरले नसते. मायक्रोसॉफ्टने आपला इंटरनेट एक्स्प्लोरर विंडोजबरोबर फुकट दिला, आणि संगणक बनवणाऱ्यांना तो काढून टाकण्याची मुभा ठेवली नाही.

फुकट देण्यात कसला आला गुन्हा? अमेरिकेत १८९०चा शर्मन कायदा आहे. कंपनी मोठी असणे हा त्याच्या दृष्टीने गुन्हा नाही. मक्तेदारी टिकवण्यासाठी इतरांची वाट अडवणे हा गुन्हा. त्याच कायद्याखाली मे १९९८ मध्ये खटला उभा राहिला.

ब्राउझर म्हणजे विंडोजची स्प्रिंगच, असे कंपनीचे म्हणणे. प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांनी तो दूर करणारी आज्ञावली लिहिली. ती चालवल्यावर विंडोज मंदावते, असे दाखवणारी चित्रफीत कंपनीने फेब्रुवारी १९९९ मध्ये सादर केली. सरकारी वकील डेव्हिड बॉइस यांनी पडद्यावरच्या शीर्षकपट्टीकडे बोट दाखवले. फेल्टन यांच्या आज्ञावलीनंतर तेथे जे शब्द हवेत, ते नव्हतेच! पुढे असेही निघाले, की एकच म्हणून दाखवलेला संगणक प्रत्यक्षात एकाहून अधिक होते. शाळेच्या प्रयोगवहीत अशी नोंद केली असती, तर तुमच्या सरांनी काय केले असते?

तरीही कंपनीच्या म्हणण्यात तथ्य होते. फेल्टन यांच्या आज्ञावलीने ब्राउझर वापरता येईनासा झाला, पण त्याच्या पुष्कळशा सूचना विंडोजची इतर कामेही करत असल्याने त्या जागीच राहिल्या. पट्ट्याची शिवण घड्याळाच्या आतपर्यंत गेली होती म्हणा ना! ती तशी मुद्दाम घातली होती का, हा खरा प्रश्न.

जून २००० मध्ये न्यायाधीश जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम दिला. जून २००१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो रद्द केला; मात्र मक्तेदारी बेकायदा मार्गांनी राखली, हा ठपका कायम ठेवला. दोन्ही आज्ञावल्यांच्या सूचना एकमेकींत मिसळणे हाही त्यातलाच एक मार्ग ठरला.

वाद मात्र मिटलेला नाही. कोणी म्हणतात, विंडोजचा दरारा ओसरला तो मोबाइलमुळे, कायद्याने नव्हे. दुसरे विचारतात, खटल्याचा धाक नसता तर १९९८ मध्ये जन्मलेल्या गूगलला वाढू दिले असते का? ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या त्याच जिल्हा न्यायालयाने, शोधसेवेत बेकायदा मक्तेदारी राखल्याबद्दल दोषी ठरवले, ते या गूगललाच.